घरगुती विज्ञान : बिनतारी तापमापकाची निवड

उष्णतामान मोजण्याची विद्या मनुष्यास फार उशिरां साध्य झाली. लांबी, वजन आणि काळ मोजण्याचीं साधनें सहस्रावधि वर्षांचीं जुनीं आहेत. परंतु 'ऊन किती?' ह्या साध्या प्रश्नाला आंकड्यानें खात्रीचें उत्तर मिळण्यास अठरावें शतक उजाडावें लागलें. फॅरनहाइट ह्यानें पाऱ्याचा तापमापक १७१४ मध्यें सिद्ध केला आणि स्वीडन देशांतील सेल्सिअस ह्या ज्योतिर्विदानें शंभर अंशांची मोजणी १७४२ मध्यें सुचविली. मौज अशी कीं, सेल्सिअसनें पाणी उकळतें तेथें शून्य व बर्फ वितळतें तेथें शंभर असे आंकडे घातले होते. ते उलट करण्याचें काम मागाहूनच्या मंडळींनीं केलें. त्या काळीं जी वस्तु प्रयोगशाळेचें भूषण होती, ती आज आगपेटीएवढी होऊन, तारेवांचून बोलावयास शिकून, मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या घरांत येऊन बसली आहे.

ह्या नव्या पाहुण्याविषयीं वाचकांच्या पृच्छा आमच्याकडे वारंवार येतात. परदेशीं असलेल्या चिरंजिवांनीं आणलेलें यंत्र येथें कां बोलत नाहीं, असें कोणी विचारतात. एखाद्या भगिनीस फ्रीजमध्यें ठेवलेल्या इन्शुलिनची काळजी असते. कोणास गच्चीखालच्या खोलींत एकट्या राहणाऱ्या मातोश्रींची चिंता लागलेली असते. ह्या सर्वांचा मूळ प्रश्न एकच : खिशास परवडेल आणि विश्वासास पात्र होईल असा बिनतारी तापमापक कसा निवडावा ? आमचें उत्तर आम्ही आरंभींच सांगून टाकतों. तो आंकडा पाहून घरांतील कोण काय करणार हें आधीं ठरवावें, आणि मग यंत्र निवडावें. हा क्रम जो उलटा करितो, त्याच्या घरीं यंत्रें पुष्कळ जमतात. उपयोग मात्र होत नाहीं.

बिनतारी तापमापक म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. बाजारांत व बोलण्यांत ह्याला 'सेन्सर' म्हणतात. त्याच्या पोटांत तीन वस्तु असतात. पहिली, उष्णता जाणणारी अत्यंत लहान चिप. बहुधा हीच चिप हवेंतील आर्द्रताहि मोजते. दुसरी, मोजलेला आंकडा बिनतारी लहरींनीं पाठविणारी योजना. तिसरी, ह्या दोहोंस पोसणारा बॅटरीचा सेल. पलीकडे तो निरोप ऐकणारें कोणी तरी असावें लागतें : घरांतील वाय-फायचा राउटर असेल, मोबाईल असेल किंवा 'हब' नांवाची वेगळी पेटी असेल. निरोप ऐकून पंखा चालूं करणें, एसी बंद करणें किंवा मोबाईलवर इशारा देणें हें काम ह्या चौथ्या अंगाचें. अर्थात् निवड करावयाची ती चारहि अंगांची. केवळ वेष्टनावरील किंमत पाहून घेतलेली वस्तु एका अंगानें लंगडी निघाली, तर बाकीच्या तिहींवरचा खर्च व्यर्थ जातो.

प्रयोजनाचा विचार प्रथम. ज्यास केवळ कुतूहल आहे, त्यास भिंतीवर टांगावयाचा साधा तापमापक पुरे. त्यानें बिनतारी यंत्राच्या वाटेस जाऊं नये. रात्रीं खोली गार झाल्यावर एसी आपोआप बंद व्हावा अशी ज्याची इच्छा, त्याला अर्ध्या अंशाची चूक सहज चालते. निरोप मात्र चारपांच मिनिटांच्या आंत पोंचला पाहिजे. ज्याच्या घरीं इन्शुलिन आहे त्याला दोन व आठ अंश ह्यांच्या मधली वाट राखावयाची असते. तेथें दोन अंशांची चूक करणारें यंत्र असण्यापेक्षां नसलेलें बरें, कारण तें खोटा धीर देतें. आणि ज्याच्या वृद्ध आईवडिलांस वैशाखमास तापलेल्या स्लॅबखालीं काढावा लागतो, त्याला उष्णतामानाबरोबर आर्द्रताहि हवी, आणि इशारा मिळतांच उठून जाणारा मनुष्यहि हवा.

आतां अचूकपणा. येथें दोन गोष्टींचा घोटाळा पुष्कळ सुशिक्षितांच्याहि मनांत असतो. पडद्यावर २७.४३ असा आंकडा दिसला, म्हणजे यंत्र शतांशापर्यंत खरें बोलत आहे असें नव्हे. किती बारीक फरक दाखवितां येतो हा सूक्ष्मपणा. दाखविलेला आंकडा सत्याच्या किती जवळ आहे हा अचूकपणा. एखादा विद्यार्थी सुंदर अक्षरांत, पांच दशांश स्थळांपर्यंत, चुकीचें उत्तर लिहितो. तशांतलाच हा प्रकार. 'डीएचटी ११' ही चिप फार स्वस्त आहे, परंतु तिची चूक दोन अंशांपर्यंत व आर्द्रतेंत पांच टक्क्यांपर्यंत असूं शकते. तिची वडील बहीण 'डीएचटी २२' उष्णतामानांत अर्ध्या अंशाची ग्वाही देते. 'डीएस १८ बी २०' ही आर्द्रता मोजीत नाहीं. पण उणे १० पासून ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाच्या आंत राहते, आणि तारेच्या टोकाला, पाणी न शिरणाऱ्या पोलादी नळींत बसविलेली मिळते. स्वित्झर्लंडमधील सेन्सिरिअन ह्या कंपनीच्या 'एसएचटी ३०' आणि 'एसएचटी ४०' ह्या चिपांची सामान्य चूक ०.२ अंशाच्या आसपास असते. आनंदाची गोष्ट ही कीं, ह्या चांगल्या कुळांतील चिपा आतां अल्प किंमतीच्या यंत्रांतहि येऊं लागल्या आहेत; अकारा कंपनीच्या लहानशा झिग्बी तापमापकांत 'एसएचटी ३०' बसविलेली आढळते. तेव्हां दुकानदारास 'कंपनी कोणती ?' असें विचारण्यापूर्वीं 'आंत चिप कोणती ?' असें विचारावें. हा एक प्रश्न पुष्कळ पैसे वांचवितो.

घेतलेल्या यंत्राची परीक्षा घरच्या घरींच करितां येते, आणि ती प्रत्येकानें करावी असा आमचा आग्रह आहे. कांचेच्या भांड्यांत बारीक कुटलेला बर्फ भरून त्यांत अगदीं थोडें गार पाणी घालावें व ढवळावें. सेन्सर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बांधावें आणि तो बर्फांत पुरता बुडवून अर्धा तास ठेवावा. वितळत्या बर्फाचें उष्णतामान शून्य अंश. यंत्रानें त्याच्या जवळपासचा आंकडा दाखविला पाहिजे. आर्द्रतेची परीक्षा तर मिठानें होते. एका लहान वाटींत चार चमचे मीठ घेऊन तें भिजून लगदा होईल इतकेंच पाणी घालावें. मीठ सगळें विरघळूं देऊं नये. ती वाटी व सेन्सर शेजारीं शेजारीं, परंतु एकमेकांस न लागतील असे, घट्ट झांकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत रात्रभर ठेवावे. स्टीलचा डबा घेऊं नये, कारण धातूंतून बिनतारी लहरी बाहेर पडत नाहींत. ओल्या मिठाच्या सान्निध्यांत बंद हवेची आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळीं यंत्र ७१ दाखवील तर तें चार टक्के कमी बोलतें हें कळलें, आणि बहुतेक ॲपांत ही तूट भरून काढण्याची सोय असते. चुकीचें प्रमाण ठाऊक असलेलें यंत्र निरुपयोगी नव्हे. चूक ठाऊक नसलेलें यंत्र धोक्याचें.

ह्यानंतर लहरींचा विचार. घरांत सध्यां मुख्यतः चार बोली ऐकूं येतात : वाय-फाय, ब्लूटूथ, झिग्बी आणि झेड-वेव्ह. वाय-फायचा मोह साहजिक आहे, कारण राउटर घरांत असतोच व वेगळा हब लागत नाहीं. पण गणित करून पाहावें. समजा, वाय-फायचा सेन्सर दर दहा मिनिटांनीं जागा होतो, पांच सेकंद बोलतो आणि त्या वेळीं ८० मिलिअँपिअर वीज घेतो. दिवसांतून १४४ वेळां पांच सेकंद म्हणजे ७२० सेकंद, अर्थात् तासाचा पांचवा हिस्सा; म्हणजे दररोज १६ मिलिअँपिअर-तास खर्च झाले. बटणाएवढ्या 'सीआर २०३२' ह्या सेलमध्यें सुमारें २२० मिलिअँपिअर-तासांचीच पुंजी असते. ती हिशेबानें पंधरवड्याच्या आंत संपेल, आणि प्रत्यक्षांत तर तो सेल एवढा प्रवाह एकदम देऊंच शकणार नाहीं. उलट झिग्बीचा सेन्सर सरासरीनें १५ मायक्रोअँपिअर घेतो असें धरिलें, तर तोच सेल वीस महिने पुरेल. म्हणून वाय-फायचा सेन्सर घ्यावयाचा तर तो भिंतींतील विजेवर चालणारा घ्यावा. अशा यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेनें आंकडा एखाद दुसऱ्या अंशानें वर सरकतो हेंहि ध्यानांत ठेवावें. चिप मुख्य पाटीपासून दूर काढलेली असेल तर हा दोष कमी होतो.

ब्लूटूथची काटकसरी जात २०१० मध्यें निघाली. ह्या जातीचे सेन्सर फार स्वस्त मिळतात, एका सेलवर पुष्कळ महिने चालतात, आणि कित्येकांस लहानसा पडदाहि असतो. दोष एवढाच कीं आवाज दूरवर पोंचत नाहीं. दोन खोल्यांच्या घरास तो पुरतो, जाड भिंतींच्या वाड्यास पुरत नाहीं. झिग्बी ही बोली अशाच अल्पभाषी यंत्रांसाठीं रचिली गेली. ती ज्या पायावर उभी आहे तें आयईईई ८०२.१५.४ हें मानक २००३ सालचें आहे. हिचा मोठा गुण परोपकाराचा. विजेवर चालणारा झिग्बीचा प्लग किंवा दिवा शेजारच्या सेन्सरचा निरोप ऐकून पुढें पोंचवितो, आणि अशी साखळी होऊन घराच्या टोंकाची खोलीहि जवळ येते. बॅटरीवरचीं यंत्रें मात्र हें ओझें वाहत नाहींत. हब एकदां विकत घ्यावा लागतो. परंतु तीनचार सेन्सर बसवावयाचे असतील तर तो खर्च अंगावर येत नाहीं.

झेड-वेव्हचें प्रकरण वेगळें आहे, आणि चिरंजिवांनीं आणलेल्या यंत्राचें कोडें येथें उलगडतें. वाय-फाय, ब्लूटूथ व झिग्बी हीं तिन्ही जगभर एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बोलतात; म्हणून अमेरिकेंतील यंत्र पुण्यांतहि चालतें. झेड-वेव्हचें तसें नाहीं. ती अमेरिकेंत ९०८.४२, युरोपांत ८६८.४२ आणि हिंदुस्थानांत ८६५.२ मेगाहर्ट्झवर बोलते. अमेरिकेंतील सेन्सर येथील हबास ऐकूंच येत नाहीं. शिवाय त्याच्या लहरींचा पट्टा येथें मोबाईलच्या कामीं नेमलेला असल्यामुळें तो वापरणेंहि योग्य नव्हे. तेव्हां परदेशांतून येणाऱ्या आप्तांस 'काय आणूं ?' असें विचारण्याची संधि मिळाली, तर उत्तर देतांना बोलीचें नांव सांगण्यास विसरूं नये.

सेलविषयीं दोन शब्द. ह्या बटणसेलांच्या नांवांतच त्यांचें माप असतें : '२०३२' म्हणजे व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर, '२४५०' म्हणजे व्यास २४ व जाडी ५. दुसऱ्याची पुंजी पहिल्याच्या दुपटीहून अधिक. कोपऱ्यावरच्या दुकानांत जो सेल मिळतो तोच लागणारें यंत्र घ्यावें, हा व्यवहार. किंमतीचा हिशेबहि पांच वर्षांचा करावा. उदाहरणादाखल, एक यंत्र ४०० रुपयांचें, पण त्यास वर्षांतून चार वेळां ५० रुपयांचा सेल लागतो. पांच वर्षांत त्याचे १४०० रुपये झाले. दुसरें ९०० रुपयांचें, आणि पांच वर्षांत दोनदांच सेल मागतें. त्याचे १००० झाले. स्वस्त कोणतें हें वाचकांनींच ठरवावें. आणि एक गोष्ट बजावून सांगतों : घरांत लहान मूल असेल तर सेलचें झांकण स्क्रूनें बंद होणारेंच यंत्र निवडावें. बटणसेल मुलानें गिळला आणि तो अन्ननलिकेंत अडकला, तर दोन तासांच्या आंत तेथें गंभीर भाजल्यासारखी जखम होऊं शकते. शंका आली तरी मुलास तत्काळ इस्पितळांत न्यावें.

आतां, निरोप कोणाच्या घरीं जातो ? हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. पुष्कळ स्वस्त सेन्सर असे असतात कीं, त्यांचा आंकडा आधीं परदेशांतील कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तेथून परत तुमच्या मोबाईलवर येतो. माजघरांतली बातमी सातासमुद्रांपलीकडे जाऊन ओसरीवर यावी तसें हें. इंटरनेट बंद पडलें कीं यंत्र मुकें होतें. आणि कंपनी बंद पडली कीं कायमचें मुकें होतें. ही भीति काल्पनिक नव्हे. रिव्हॉल्व्ह नांवाचा हब करणारी कंपनी नेस्टनें २०१४ मध्यें विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यांत त्याची सेवा बंद केली. ग्राहकांच्या घरचे चांगले धडधाकट हब एका दिवसांत निकामी झाले. इन्स्टिऑन ह्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्यें पूर्वसूचनेवांचून थंडावले; पुढें तिच्याच कांहीं ग्राहकांनीं ती विकत घेऊन त्याच वर्षीं जूनमध्यें पुन्हां चालूं केली, म्हणून निभावलें. शिवाय घरांतील उष्णतामानाचा रोजचा आलेख परक्याच्या हातीं असला, तर घर केव्हां उघडें व केव्हां बंद असतें हेंहि त्यास वाचतां येतें.

ह्यावर उपाय आहे. निरोप घरांतल्या घरांत ऐकणारी व्यवस्था निवडावी. २०१३ मध्यें सुरू झालेली 'होम असिस्टंट' ही प्रणाली विनामूल्य व सर्वांस खुली आहे. ती जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय नांवाच्या तळहाताएवढ्या संगणकावर चालते, आणि इंटरनेट नसतांहि काम करिते. तिची मांडामांड थोडी खटपटीची आहे. घरांत अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल तर त्याची दिवाळीची सुटी सार्थकीं लागेल. ज्यांस एवढी खटपट नको, त्यांनीं वेष्टनावर 'मॅटर' हें नांव आहे कीं काय तें पाहावें. निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें एकमेकांशीं घरांतच बोलावींत, ह्या हेतूनें हें मानक ऑक्टोबर २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें.

आणखी एक गोष्ट आपल्या देशांत विशेष महत्त्वाची. वीज गेली कीं एसी व पंखा बंद पडतो. पण त्याच क्षणीं राउटर, हब आणि निरोप पोंचविणारे प्लगहि निजतात. सेन्सर बिचारा बॅटरीवर जागा असतो व ओरडत असतो, परंतु ऐकणारा कोणी नाहीं. म्हणजे ज्या घटकेस इशारा हवा, नेमकी तीच घटका मौनाची. ह्यास्तव हब व राउटर इन्व्हर्टरवर घ्यावे. ह्या कामास लागणारी वीज इतकी थोडी आहे कीं एखादा लहान यूपीएसहि पुरतो. सेन्सरवर दोनशें रुपये अधिक घालण्यापेक्षां ते येथें घालावे, हें आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

यंत्र चांगलें असून जागा वाईट असली तर तें खोटें बोलतें. हवामान खात्याच्या आवारांत पांढऱ्या रंगाची, चहूंबाजूंनीं तिरप्या पट्ट्यांची पेटी उंच पायांवर उभी केलेली असते. दीपगृहें बांधणारे स्कॉटलंडचे स्थापत्यविशारद टॉमस स्टीव्हन्सन ह्यांची ही कल्पना; सुप्रसिद्ध कादंबरीकार स्टीव्हन्सन ते ह्यांचेच चिरंजीव. ऊन प्रत्यक्ष लागूं नये, वारा मात्र खेळावा आणि जमिनीची धग पोंचूं नये, हें त्या पेटींतील मर्म. घरांतहि तेंच पाळावें. सेन्सर छातीएवढ्या उंचीवर, आंतल्या भिंतीला लावावा. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला, फ्रीजच्या माथ्यावर, दूरदर्शनच्या मागें, एसीच्या झोतांत किंवा देवघरांतील समईच्या शेजारीं लावूं नये. लोखंडी कपाटाच्या आडहि नको. आणि एका सेन्सरवरून सबंध घराचें अनुमान करूं नये. भाताचें एक शीत चेपून सगळ्या भांड्याची परीक्षा करणें, ह्यास आपल्याकडे स्थालीपुलाकन्याय म्हणतात. पण तो न्याय भांड्यांतील भाताला लागूं, घरांतील खोल्यांना नव्हे. दिवाणखाना निवांत असतां वरची खोली तव्यासारखी तापलेली असूं शकते. म्हणून एकच सेन्सर घेणें शक्य असेल तर तो जेथें सर्वांत दुर्बळ मनुष्य निजतो तेथें लावावा.

आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेंत एक युक्ति आवश्यक आहे. एसी २७ अंशांवर चालूं व्हावा आणि २७ वरच बंद व्हावा असें सांगितलें, तर तो सारखा उघडमीट करीत राहतो व कॉम्प्रेसरचें आयुष्य घटतें. २८ वर चालूं आणि २६ वर बंद, असें अंतर ठेवावें. गीझर, इस्त्री व शेगडी हीं मात्र कधींहि स्वस्त सेन्सरच्या भरंवशावर सोडूं नयेत. त्यांस त्यांचे स्वतःचेच संरक्षण हवें.

इन्शुलिनच्या फ्रीजसंबंधीं. न उघडलेलें इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावें असा सर्वमान्य नियम आहे. गोठलेलें इन्शुलिन पुन्हां वितळलें तरी वापरूं नये. म्हणून वरच्या बाजूइतकीच खालच्या बाजूचीहि भीति बाळगावी, आणि तें बर्फाच्या कप्प्यालगत ठेवूं नये. फ्रीज ही धातूची पेटी असल्यानें आंतून लहरी कष्टानेंच बाहेर पडतात, आणि थंडीनें सेलहि मंदावतो. तेव्हां तारेच्या टोंकाची 'डीएस १८ बी २०' ची नळी आंत व बोलणारा भाग बाहेर, ही योजना उत्तम. बारीक तार दाराच्या रबरांतून सहज जाते. ती नळी पाण्याच्या लहान बाटलींत बुडवून ठेवावी. दार उघडल्याबरोबर हवा तापते, पण औषध तितक्यांत तापत नाहीं. पाण्यांतील नळी औषधासारखीच सावकाश तापेल आणि खोटे इशारे टळतील.

उरला प्रश्न वृद्धांचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत गंभीर आहे. उन्हाचा त्रास केवळ पाऱ्यावर अवलंबून नसतो. ३२ अंश उष्णतामान असतां आर्द्रता ७० टक्के असली तर अंगाला तें सुमारें ४१ अंशांसारखें भासतें, असें अमेरिकेच्या हवामान खात्याचें कोष्टक सांगतें. कारण घाम वाळत नाहीं. ह्यामुळें मुंबईचे ३४ अंश आणि नागपूरचे ३४ अंश एक नव्हेत. नागपूरकडे हवा कोरडी, म्हणून पाण्याचा कूलर गुणकारी; मुंबईच्या दमट हवेंत तोच कूलर दमटपणा वाढवून जीव घाबरा करितो. कोणता उपाय कोठें लागूं पडेल हें आर्द्रतेचा आंकडाच सांगतो. तसेंच, हवा ४० अंशांच्या वर तापली असतां पंख्याचा वारा शरीरास गार करण्याऐवजीं तापवितो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. काँक्रीटची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्रीं तें खोलींत सोडते. म्हातारपणीं तहानहि कमी लागते. बाहेर सूर्य मावळला म्हणून घरांतील संकट मावळत नाहीं, ही गोष्ट दूर असलेल्या मुलास बातम्यांतील शहराचा आंकडा सांगत नाहीं. खोलींतला सेन्सर सांगतो.

परंतु तो सांगेल तें ऐकून उठणारें कोणी असलें पाहिजे. न्यू जर्सींत मोबाईल वाजला आणि पुण्यांत दार ठोठावणारा कोणी नसला, तर त्या आंकड्यानें फक्त दूरच्या मुलाची झोंप जाईल. म्हणून सेन्सर विकत घेण्याच्या दिवशींच एक कागद लिहावा : कितीव्या अंशाला इशारा येईल, तो कोणाकोणास जाईल, पहिला फोन कोणाचा, तो न उचलल्यास शेजाऱ्यांपैकीं कोण वर जाईल, आणि किल्ली कोणापाशीं. इशारा शेजाऱ्यांच्या मोबाईलवरहि जाईल अशी सोय बहुतेक प्रणालींत करितां येते. आणि आईवडिलांस विचारल्यावांचून त्यांच्या खोलींत कोणतेंहि यंत्र लावूं नये. त्यांस तें दिसावें, समजावें, आणि पडद्यावरील आंकडा त्यांनाहि वाचतां यावा. मोठ्या आंकड्यांचा पडदा असलेला सेन्सर थोडा महाग पडला तरी तो घ्यावा, कारण त्यानें प्रथम त्यांचीच सेवा होते.

सारांश असा. आधीं काम ठरवावें. मग चिप पाहावी. बोली आपल्या घराला व आपल्या देशाला जुळणारी घ्यावी. निरोप घरांतच ऐकला जाईल असें करावें. हब इन्व्हर्टरवर घ्यावा. बर्फानें व मिठानें परीक्षा करावी. आणि एका सेन्सरनें आरंभ करून तो उन्हाळाभर वापरून पाहावा. त्या एकाच्या आंकड्यावरून घरांत जर कोणी एक खिडकी उघडली, एक तांब्या पाणी नेऊन दिलें किंवा एक औषधाची बाटली वेळेवर हलविली, तर दुसरा घेण्यास हरकत नाहीं. तसें कांहीं घडलें नाहीं, तर दुसऱ्याचे पैसे शिल्लक ठेवावे आणि त्या रुपयांत आईस रोज सायंकाळीं एक फोन करावा.